चॉपर मोटारसायकल बांधणी

चॉपर मोटारसायकल बांधणी : कारखान्यातून आलेल्या मोटारसायकलची चौकट कापून किंवा नवी चौकट जोडून, लांब फोर्क (पुढचे चाक धरणारा दुभागी दांडा), उंच हँडल आणि मोजकेच सुटे भाग असलेले वाहन एकेका नगाने घडविण्याची कारागिरी. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, विशेषतः कॅलिफोर्नियात, दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन दशकांत ती आकाराला आली. हे काम मुख्यतः दोन-चार माणसांच्या स्वतंत्र कार्यशाळांत चालत आले आहे.

उगम व संज्ञा : ‘चॉप’ म्हणजे छाटणे या इंग्रजी क्रियापदावरून हे नाव पडले, याविषयी फारसा वाद नाही. वाद आहे तो नेमके काय छाटले म्हणजे मोटारसायकल चॉपर ठरते, याविषयी. प्रचलित कथनानुसार युद्धावरून परतलेल्या सैनिकांनी युरोपात हलक्या मोटारसायकली पाहिल्या होत्या; मायदेशी आल्यावर त्यांनी हार्ले-डेव्हिडसन व इंडियन या जड गाड्यांचे पुढचे मडगार्ड काढले, मागचे आखूड केले आणि त्यातून आधी ‘बॉबर’ व पुढे चॉपर जन्मास आली. हे कथन आकर्षक असले तरी अपुरे वाटते. अमेरिकन मोटरसायक्लिस्ट असोसिएशनने १९३० च्या दशकात ‘क्लास सी’ ही बाजारात मिळणाऱ्या गाड्यांची शर्यत-श्रेणी सुरू केली होती, आणि तीत भाग घेणारे स्वार वजन घटविण्यासाठी मडगार्ड, दिवे इत्यादी भाग युद्धापूर्वीच उतरवीत असत. म्हणून बॉबरचे मूळ शर्यतीच्या मैदानात शोधणे अधिक सयुक्तिक दिसते; सैनिकांमुळे त्या प्रथेचा प्रसार वाढला असावा. जुलै १९४७ मध्ये कॅलिफोर्नियातील हॉलिस्टर येथे झालेल्या मोटारसायकलस्वारांच्या गडबडीशी चॉपरचा संबंध अनेकदा जोडला जातो, परंतु त्या काळच्या गाड्या बॉबर होत्या, चॉपर नव्हेत.

दोहोंतील भेद चौकटीचा आहे. बॉबरमध्ये चौकटीवर बसविलेले भाग काढले किंवा आखूड केले जातात. चॉपरमध्ये खुद्द चौकटीला, बहुधा तिच्या मानेला, म्हणजे हँडलचा दांडा ज्या नळीतून जातो त्या भागाला, करवत लागते. या कसोटीने चॉपरचा आरंभ साधारणपणे १९५० च्या दशकाच्या अखेरीस धरता येतो, आणि १९६० च्या दशकात तिचे ओळखीचे रूप स्थिर झाले. या कापाकापीला एका प्रशासकीय बाबीचाही हातभार लागला असावा : १९७० पूर्वीच्या हार्ले-डेव्हिडसन गाड्यांची नोंदणी इंजिनावरील क्रमांकावर होत असे, चौकटीवर तसा क्रमांकच नसे. चौकट बदलली तरी कागदोपत्री गाडी तीच राहत असे.

मानेची भूमिती : बांधणीतील सर्वांत अवघड निर्णय मानेच्या कोनाचा असतो. मान उभ्या रेषेशी जो कोन करते त्याला रेक म्हणतात. मानेची अक्षरेषा खाली वाढविल्यास ती जमिनीला जेथे मिळते, त्या बिंदूपासून पुढच्या चाकाच्या स्पर्शबिंदूपर्यंतचे अंतर म्हणजे ट्रेल. स्पर्शबिंदू मागे असल्यामुळे धावते चाक आपोआप सरळ येते आणि गाडी स्थिर राहते. कारखान्याच्या मोठ्या हार्लेमध्ये रेक सुमारे ३० अंश असतो. चाकाची त्रिज्या ३३० मिमी. आणि फोर्क अक्षरेषेपासून ५० मिमी. पुढे धरल्यास ३० अंशांना ट्रेल सुमारे १३३ मिमी. येतो; तोच कोन ४५ अंश केल्यास ट्रेल सुमारे २५९ मिमी., म्हणजे जवळजवळ दुप्पट होतो. अशी गाडी महामार्गावर बाणासारखी सरळ जाते, पण कमी वेगात हँडल जड लागते आणि वळताना चाक एका बाजूला कोसळू पाहते.

यावर उपाय म्हणून फोर्क धरणारे वरचे व खालचे पाट काही अंश तिरपे करतात. त्यामुळे मान न बदलता फोर्क आणखी पुढे झुकतो आणि ट्रेल घटतो. मात्र येथेच अननुभवी हात फसतो. तिरपे पाट मूळ चौकटीवर बसविले, तर आधीच पुरेसा असलेला ट्रेल धोकादायकरीत्या कमी होतो आणि वेगात हँडल थरथरू लागते. उलट, मान न कापता केवळ लांब फोर्क लावल्यास गाडीचे तोंड वर उचलले जाते, इंजिन मागे कलते आणि तळाच्या नळ्या जमिनीला समांतर राहत नाहीत. फोर्कची लांबी, मानेचा कोन व मानेची उंची या तिन्ही गोष्टी म्हणूनच एकत्र ठरवाव्या लागतात, आणि चांगली कार्यशाळा ओळखायची ती क्रोमच्या झळाळीवरून नव्हे, तर या हिशोबावरून.

प्रक्रिया : चौकट प्रथम जिगमध्ये, म्हणजे मान, इंजिनाचे आधार व मागचा आस यांना जागच्या जागी जखडून ठेवणाऱ्या पोलादी साच्यात, घट्ट बसवितात. कापलेल्या नळ्यांच्या जोडात आतून घट्ट बसणारा नळीचा तुकडा सरकवितात आणि बाहेरच्या नळीला पाडलेल्या भोकांतून तो वेल्डने पक्का करतात. सारे जोड आधी टाके मारून धरतात व नंतर आलटून-पालटून पूर्ण करतात, कारण एकाच बाजूने उष्णता दिल्यास नळी ओढली जाऊन मान वाकडी होते. मागचे निलंबन, म्हणजे धक्के शोषणारी यंत्रणा (सस्पेन्शन), काढून ताठ चौकट करण्याची प्रथा रूढ आहे. हार्लेच्या मोठ्या गाड्यांना मागचे शॉकअप, म्हणजे धक्के शोषणारे दांडे, १९५८ च्या ड्युओ-ग्लाइड या गाडीपासून मिळाले, आणि चॉपरवाल्यांनी ते बहुधा काढूनच टाकले. टाकी बहुधा लहान असते : स्पोर्टस्टरची शेंगदाण्याच्या आकाराची किंवा मस्टँग या छोट्या मोटारसायकलची. जोडांवर लांबी, म्हणजे पुट्टी, भरून चौकट एकसंध दिसेल अशी घासतात. ही रीत देखणी खरी, पण तिच्याखाली कच्चा वेल्डही झाकला जातो, हे नमूद करणे आवश्यक आहे.

कारागीर व कार्यशाळा : या कलेची सर्वांत प्रसिद्ध उदाहरणे म्हणजे १९६९ च्या ईझी रायडर या चित्रपटातील मोटारसायकली. पोलिसांच्या लिलावातून घेतलेल्या जुन्या, ‘पॅनहेड’ या प्रकारच्या इंजिनाच्या हार्ले गाड्यांपासून त्या लॉस अँजेलिसमध्ये तयार झाल्या. त्यांच्यामागील क्लिफर्ड व्हॉज आणि बेन हार्डी या दोन कृष्णवर्णीय कारागिरांची नावे अनेक दशके सांगितली गेली नाहीत; हा अन्याय मोठा होता, आणि त्यांना श्रेय मिळू लागले ते फार उशिरा. त्यांतील म्हणून सांगितली जाणारी एक गाडी २०१४ मध्ये लिलावात १३.५ लाख डॉलरांना गेली, मात्र तिच्या अस्सलपणाविषयी तेव्हाच शंका घेतल्या गेल्या. सॅन फ्रॅन्सिस्को उपसागराच्या परिसरात आर्लेन नेस (१९३९–२०१९) यांनी लांब, सडपातळ व जमिनीलगतची ‘डिगर’ शैली रूढ केली. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनचे कारागीर इंडियन लॅरी (१९४९–२००४) इंजिनाची यंत्ररचना उघडी ठेवण्याच्या बाजूचे होते. स्वीडनमध्ये अतिशय लांब फोर्कची, तर जपानमध्ये शिन्या किमुरा यांच्यासारख्यांच्या हाती जुन्या धातूचा पोत जपणारी परंपरा वाढली.

कारखान्यांनीही हे रूप उचलले. विली जी. डेव्हिडसन यांच्या आराखड्याची हार्ले-डेव्हिडसनची सुपर ग्लाइड १९७१ मध्ये आली, आणि त्याच कंपनीच्या १९८४ च्या सॉफ्टेलमध्ये शॉकअप लपवून ताठ चौकटीचा आभास निर्माण केला गेला.

भारत : भारतात रॉयल एनफील्ड बुलेट हा या कामाचा प्रमुख आधार असून, मुंबईचे अक्षय वर्दे यांची कार्यशाळा या क्षेत्रात परिचित आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे बंधन काटेकोर असल्याचे स्पष्ट केले. शिवाय येथे नोंदणी चौकटीवरील क्रमांकाशी बांधलेली असल्यामुळे, मान कापून केलेली चॉपर रस्त्यावर कायदेशीरपणे चालविणे अत्यंत कठीण ठरते.