सीओटू हीट पंप
सीओटू हीट पंप म्हणजे कार्बन डायऑक्साइड हाच गॅस म्हणून वापरून बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडणारं मशीन. तत्त्व एसीचंच, फक्त इथं आपल्याला गरम बाजू हवी असते. नॉर्वेच्या गुस्ताव लोरेंट्झेन यांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी हा जुना गॅस पुन्हा पुढं आणला आणि २००१ पासून जपानमध्ये इकोक्यूट नावानं घरगुती मशीन विकायला आले.

हिशोब असा, १०० लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर न्यायला साध्या गिझरला साडेचार युनिटच्या वर लाईट लागते, आणि हीट पंपाचा सीओपी (एक युनिट लाईट खर्चून किती युनिट उष्णता मिळते तो आकडा) ३.५ धरला तर तेच काम सव्वा-दीड युनिटात होतं. पण हा सीओपी कायम तेवढाच राहत नाही, आणि खरी गोम इथंच आहे. कार्बन डायऑक्साइड ३१ अंशांच्या वर कितीही दाबला तरी त्याचं द्रव होत नाही, म्हणून मशीनच्या गरम बाजूला तो ९०-१०० बारच्याही (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका दाब) वर दाबलेला गॅसच राहतो आणि पाण्याला उष्णता देत देत हळूहळू थंड होत जातो, त्यामुळं आत येणारं पाणी जेवढं गार तेवढा तो जास्त उष्णता सोडतो. परभणीत जानेवारीत पहाटे पारा १० च्या खाली जातो तेव्हा गच्चीवरच्या टाकीतलं गारढोण पाणी आंघोळीसाठी एका दमात ६५ अंशांवर न्यायचं, हे या मशीनचं अगदी आवडीचं काम.

बिल्डिंग गरम ठेवायची तर मात्र अडचण येते, कारण खोली तापवणाऱ्या रेडिएटरमधून फिरून पाणी ४०-४५ अंशांवरच परत येतं आणि सीओपी चांगलाच घसरतो. आपल्याकडं खोल्या गरम करायची गरजच नाही, पण होस्टेल, हॉस्पिटलमध्ये नळाला लगेच गरम पाणी यावं म्हणून पाईपातून ते सारखं फिरवतात, तिथं हाच घोळ होतो. म्हणून टाकी उभी घ्यावी, गार पाणी खालून सोडावं, गरम वरून काढावं आणि दोन्ही मिसळू देऊ नयेत, माझ्या मते मशीन कोणत्या कंपनीचं यापेक्षा हे जास्त महत्त्वाचं.

दूध संघांना तर एकाच मशीनवर दूध थंड करता येतं आणि कॅन धुवायला गरम पाणीही मिळतं, दोन्ही बाजू कामाला येतात. मराठवाड्यात बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं, ते तापलं की क्षार हीट एक्सचेंजरमध्ये, म्हणजे गॅसची उष्णता पाण्याला देणाऱ्या भागात, बसतात आणि उष्णता नीट पोचत नाही, तेव्हा सॉफ्टनर आधीच बसवून घ्यावा.