कड्यावरचा फ्लॅजिओलेटवादक

फ्रेंच चित्रकार पॉल गोगँ (१८४८–१९०३) याचे १८८९ मधील तैलचित्र. ते अमेरिकेतील इंडियानापोलिस कलासंग्रहालयात आहे. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातील ल पुल्द्यू या किनाऱ्यावरच्या वस्तीत गोगँ राहत होता, त्या काळातले हे चित्र. कड्यावरची अरुंद पायवाट, तिच्यावर दोन ब्रेतॉं (ब्रिटनीची) माणसे, एकाच्या ओठांशी फ्लॅजिओलेट ही छोटी बासरी आणि खाली अटलांटिक महासागर, एवढाच विषय. चित्र उत्तर-दृक्प्रत्ययवादात (पोस्ट-इम्प्रेशनिझम) मोडते. मात्र या प्रवाहाचे हे नाव रॉजर फ्राय या समीक्षकाने १९१० मध्ये लंडनच्या प्रदर्शनासाठी योजले, तेव्हा गोगँला जाऊन सात वर्षे झाली होती.

ल पुल्द्यू हे लाइता नदीच्या मुखाशी आहे. पाँ-आव्हाँ गावात चित्रकारांची आणि पर्यटकांची गर्दी वाढल्यामुळे गोगँ इकडे सरकला. १८८९ च्या ऑक्टोबरपासून तो मेयर दे हान या डच चित्रकार मित्रासह मारी आंरी हिच्या खाणावळीत राहू लागला. राहण्याजेवण्याचा बराचसा खर्च दे हान उचलत असे.

चित्राची खरी करामत नजरेच्या कोनात आहे. नेहमीच्या सागरदृश्यात पाहणारा वाळूवर उभा असतो आणि क्षितिजरेषा त्याला आधार देते. इथे नजर उंचावरून तीव्र उतारात खाली पडते. त्यामुळे जमीन आडवी न राहता भिंतीसारखी उभी होते, जवळचे आणि दूरचे एकाच पातळीवर येते, आणि पाहणाऱ्याला आपलाही पाय कडेवर असल्यासारखे वाटते. ही उभी मांडणी गोगँने जपानी लाकूडठशांच्या चित्रांवरून उचलली होती. ‘लाट’ या १८८८ मधील चित्रात त्याने हाच प्रयोग केला होता. तिथे आकाशच नाही. त्यामानाने फ्लॅजिओलेटवादक अधिक अवघड वाटतो, कारण इथे घसरत्या उतारावर माणसे स्थिर उभी ठेवायची होती.

रंगांचे सपाट पट्टे आणि त्यांना घातलेल्या गडद कडा ही पाँ-आव्हाँच्या चित्रकारांची ओळख. मीनाकारीत धातूच्या तारेने रंगांचे कप्पे पाडतात, तसेच हे. म्हणून एदुआर द्युजार्दॅं याने १८८८ मध्ये या शैलीला मीनाकारीवरूनच ‘क्लॉइझॉनिझम’ हे नाव दिले. गोगँ कडांसाठी बहुधा प्रशियन निळा वापरी. अशा चित्राची नक्कल करताना दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे कडा सरसकट काळ्या आणि एकसारख्या जाड काढणे; मग चित्राचे जाहिरातफलक होते. दुसरी म्हणजे लांबच्या भागावर सवयीने फिकट निळसर धुके चढवणे. तसे केले की खोली परत येते, उभी जमीन आडवी पडते आणि भोवळ नाहीशी होते.

पृष्ठभागाबद्दल गोगँ फार काटेकोर होता. त्याला तेलकट चकाकी नको असे. तो अनेकदा खडू आणि सरस यांचा शोषक थर देऊन त्यावर पातळ रंग लावी. हा थर रंगातले तेल ओढून घेतो आणि पृष्ठभाग भित्तिचित्रासारखा कोरडा दिसतो. तोटा असा, की तेल कमी झालेला रंग ठिसूळ होतो आणि त्याचे पोपडे सुटू शकतात. पुढे कोणी चांगल्या हेतूने वॉर्निश चढवले, तर ते त्या कोरड्या थरात मुरते, रंग गडद होतात आणि चित्रकाराने मुद्दाम साधलेला मंदपणा कायमचा जातो. अशी चित्रे साफ करायला घेताना म्हणूनच आधी हात आखडता घ्यावा लागतो.

फ्लॅजिओलेट म्हणजे उभी धरून वाजवायची छोटी बासरी. आपल्याकडील अलगुजाच्या जवळची. मोल्सवर्थच्या कोशातही अलगुजाचा अर्थ देताना हेच वाद्य आठवले आहे. तोंडाशी लाकडाची गुडदी बसवलेली असते. गुडदी आणि नळी यांच्यातल्या फटीतून फुंक थेट नळीवरच्या छिद्राच्या धारेवर आदळते, त्यामुळे आडव्या बासरीसारखे ओठ जुळवावे लागत नाहीत. फ्रेंच प्रकारात वर चार आणि खाली अंगठ्यांसाठी दोन भोके असतात. फुंक जोराची झाली की सूर सप्तकभर वर उडी मारतो. फटीत वाफेचे पाणी साचले की आवाज घुसमटतो. यासाठी पुढच्या काळातल्या वाद्यांत ओलावा टिपणारा स्पंज घालत. उघड्या कड्यावर आणखी एक अडचण असते. धारेवरून वारा आडवा गेला की सूर फुटतच नाही, वाऱ्याकडे पाठ करून वाजवावे लागते. गोगँ स्वतः मँडोलिन वाजवत असे, पण इथे त्याने संगीताला मध्यवर्ती मान दिलेला नाही. वादक उताराचाच एक भाग आहे.

स्विस संग्राहक सॅम्युएल योझेफोविट्झ याच्या संग्रहातील पाँ-आव्हाँ परंपरेची १७ चित्रे आणि ८४ मुद्राचित्रे १९९८ मध्ये इंडियानापोलिसला आली, त्यांत हे चित्र होते.