जांभ्याच्या भिंतीपुढे गोंधळलेला संगणक

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर धडकलं आणि श्रीवर्धन-दापोलीकडच्या कित्येक घरांची कौलं उडाली. जुन्या चौसोपी, म्हणजे मधे उघडा चौक असलेल्या घराचा नकाशा सहसा नसतोच. मालकाने सांगितलं, सुताराने उभं केलं. मग छप्पर पुन्हा घालायचं ते कशावरून?

ड्रोनने घराचे सगळ्या बाजूंनी, एकमेकांवर चढणारे फोटो काढले की संगणक त्यांतून घराचं त्रिमितीय चित्र बांधतो. इथवर बरीचशी भूमितीच. त्या लाखो ठिपक्यांतून वासा कुठला, रीप कुठली, सरकलेलं कौल कुठलं हे निवडायचं काम कृत्रिम बुद्धिमत्तेचं. शाकारणीआधी असं चित्र हाताशी असलं तर छपरावरची फेरी वाचते.

भिंतीशी मात्र घोडं अडतं. भेगा शोधणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची बरीच प्रारूपं (मॉडेल्स) काँक्रीटच्या फोटोंवर शिकलेली. आपला जांभा मुळातच सच्छिद्र. त्याचा चिरा, म्हणजे बांधकामासाठी कापलेला ठोकळा, खाणीत मऊ असतो, हवा लागली की कडक होतो. उघड्या चिऱ्यांची भिंत दाखवली की असं प्रारूप भोकाभोकावर 'भेग' म्हणून खूण करू शकतं आणि दोन चिऱ्यांच्या सांध्यातून तिरकी चढणारी खरी भेग त्या गर्दीत हरवते. त्याला जांभ्याचेच फोटो दाखवायला हवेत, आणि त्यांवर खुणा जाणत्या गवंड्याने करायला हव्यात. हे काम कंटाळवाणं आहे, पण माझ्या मते खरा खर्च इथेच करावा.

चौकाचं गणितही वेगळं. कोरड्या मुलखात रात्री गारवा चौकात उतरतो आणि दिवसभर पुरतो. किनाऱ्यावर दिवस-रात्रीच्या तापमानात तेवढा फरक पडत नाही. इथे अंगाला सुख लागतं ते वाऱ्याने. त्यामुळे पाऊस आत येतो म्हणून चौकावर प्लॅस्टिकचा पत्रा गच्च बसवला की माजघर कोंदटतं. पत्रा भिंतीपासून किती उचलावा, फट कुठल्या बाजूला ठेवावी, याचे शेकडो पर्याय हवेच्या प्रवाहाच्या गणितावर तयार केलेलं प्रारूप झटपट तपासतं. फक्त त्याला शेजारची नारळाची वाडी माहीत नसते आणि दूरच्या हवामान केंद्रातला वारा म्हणजे आपल्या चौकातला वारा नव्हे. पत्र्याचं माप घेण्याआधी एक साधा वारामापक पावसाळाभर चौकाच्या कडेला लावलेला बरा.