पुसायचा की घासायचा? जुन्या पूल क्यूच्या ‘पॉलिश’बद्दल

परवा ठाण्यात, नौपाड्यातल्या आमच्या जेवणाच्या टेबलावर दोन क्यू (पूल खेळताना चेंडू मारायच्या काठ्या) शेजारी शेजारी ठेवले होते. दोन्ही काकांचे. काका मर्चंट नेव्हीत होते आणि सत्तरच्या दशकात अमेरिकेच्या एका फेरीवरून त्यांनी ही जोडी आणली होती. पुढचं लाकूड मेपलचं, मागची बट, म्हणजे हातात धरायचा जाड भाग, रोझवूडची, दोन्हीच्या सांध्यावर वर चढत गेलेली चार टोकं आणि त्या टोकांच्या कडेने हिरवी-नारिंगी बारीक पट्टी. काका गेल्यावर एक क्यू माझ्याकडे आला, दुसरा नेरूळच्या चुलतभावाकडे गेला. त्याने त्याचा ‘पॉलिश करून घेतला’. मीही घरात तसंच सांगितलं होतं की मी माझा पॉलिश केला. शब्द एकच, पण टेबलावर ठेवल्यावर ते जुळे भाऊ वाटत नव्हते.

आपल्याकडे सगळी गडबड या ‘पॉलिश’ शब्दाने होते. कपाट पॉलिशला दिलं, चपला पॉलिश केल्या, दागिने पॉलिश करून आणले. वरचा मळ काढणं आणि वरचा थरच काढून नवा चढवणं, या दोन्ही कामांना आपण एकच नाव देतो. क्यूच्या बाबतीत मात्र पहिलं काम दहा वेळा करता येतं आणि दुसरं केलं की मागे फिरता येत नाही.

जुन्या क्यूवर खालून वर तीन गोष्टी असतात. तळाशी लाकूड, त्यावर रोगणाचा थर आणि सगळ्यात वर हाताचा घाम, तेल, धूर आणि खडूची निळी भुकटी यांचा मळ. (खडू आपण म्हणतो एवढंच. १८९७ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलेल्या त्या ठोकळ्यात सिलिका आणि कुरुंद असतं, म्हणून तो टिपला, म्हणजे क्यूच्या टोकावरच्या चामड्याच्या टोपीला, पकड देतो आणि लाकडात घुसला की निघत नाही.) जतन म्हणजे फक्त वरचा मळ काढायचा. रिफिनिश म्हणजे मळासकट रोगण खरवडायचं, लाकूड गुळगुळीत होईपर्यंत घासायचं आणि नवं रोगण मारायचं. घासताना थोडं लाकूडही जातंच. आणि क्यूचं वय दिसतं ते बहुतांश त्या मधल्या थरात.

माझा क्यू मी स्वच्छ केला तो रविवार अजून आठवतो. कापसाचा बोळा काडीला गुंडाळायचा, जिभेवर ओला करायचा आणि नाण्याएवढ्या जागेवर हलकेच फिरवायचा. ऐकायला किळसवाणं वाटेल, पण संग्रहालयांत चित्रं साफ करणारेही थुंकी वापरतात. तिच्यातली विकरं मळ सोडवतात आणि रोगणाला सहसा इजा करत नाहीत. पहिला बोळा चहाच्या गाळासारखा तपकिरी निघाला. जागा लगेच कोरड्या फडक्याने टिपायची, पाणी मुरू द्यायचं नाही. तीन तासांत बटीचा वीतभर भाग झाला आणि त्यातून मधासारखा पिवळसर उजेड बाहेर आला. तो पिवळेपणा मळाचा नव्हता. जुनं नायट्रोसेल्युलोज लॅकर वर्षानुवर्षांत आपोआप पिवळं पडतं. चुलतभावाच्या क्यूवर तो आता नाही. तिथे मेपल पांढराफटक आहे आणि हिरवी पट्टी एका बाजूला मेपलमध्ये फुटली आहे, कारण रोगण काढायला वापरलेल्या थिनरने त्या पट्टीच्या पातळ व्हीनिअरचा (लाकडी पापुद्र्याचा) रंग विरघळवला.

फर्निचरच्या पॉलिशवाल्या मिस्त्रींना मी दोष देणार नाही. त्यांनी टीपॉय जसा केला असता तसा क्यू केला, हातात पॉलिश पेपर घेऊन. पण टीपॉय सपाट असतो आणि क्यू गोल, शिवाय निमुळता. हाताने घासलं की कुठे जास्त दाब पडतो, कुठे कमी, आणि गोलाई मोडते. टेबलाच्या काचेवर चुलतभावाचा क्यू लोटला तर तो घरंगळत नाही, टक टक करत जातो. म्हणून जाणकार कारागीर हे काम लेथवर, क्यू फिरता ठेवून करतात.

लेथवर केलं तरी एक गोष्ट वाचत नाही, आणि माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. त्या चार टोकांकडे नीट पाहा. बटीचं गडद लाकूड पुढच्या लाकडात पाचरीसारखं बसवलेलं असतं. पाचर तळाशी जाड आणि टोकाशी इतकी पातळ की पृष्ठभागावर येऊन संपते. म्हणजे टोक जिथे दिसतं तिथे त्याची जाडी जवळजवळ शून्य आहे. वरून पाव मिलिमीटर लाकूड काढलं तर टोक काही मिलिमीटर मागे सरकतं. चारही बाजूंनी सारखं घासलं नाही तर चार टोकं चार उंचीवर थांबतात. काकांच्या माझ्याकडच्या क्यूवर चारही टोकं पट्टी लावल्यासारखी एका रेषेत आहेत. दुसऱ्यावर एक टोक करंगळीच्या नखाएवढं खाली बसलंय. लाकूड परत चढवता येत नाही.

हे एवढं मनाला का लागावं, तर जुन्या क्यूची ओळखच अशा खुणांवर उभी असते. जॉर्ज बालाबुष्का हे नाव क्यू जमवणाऱ्यांत आदराने घेतात. जन्म १९१२चा रशियातला, १९२४ मध्ये अमेरिकेत आले, १९५९ मध्ये क्यू बनवायला लागले, १९७५ मध्ये वारले. त्यांनी सुरुवातीच्या बऱ्याच क्यूंसाठी ब्रन्सविक कंपनीचे ‘टायटलिस्ट’ हे सलग एका तुकड्याचे क्यू घेतले, कापले आणि नव्याने घडवले. तसे टायटलिस्ट क्लबच्या भिंतीला टेकून हजारोंनी उभे होते. म्हणजे आतलं लाकूड आणि टोकं साध्या क्यूची, आणि हात मात्र मोठ्या कारागिराचा. तो हात ओळखायचा कसा? जॉइंटच्या, म्हणजे क्यूचे दोन तुकडे जिथे जुळतात तिथल्या, कड्यांची रुंदी, बटीच्या टोपीचा आकार, निमुळतेपणाचं माप, जुन्या रोगणाचा पोत. घासण्यात नेमकं हेच झिजतं. काकांचे क्यू बालाबुष्कांचे नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण कुणाच्या माळ्यावर काय निघेल सांगता येत नाही, आणि कोणाचा आहे ते कळायच्या आधीच घासून मोकळं होणं ही चूक मला सगळ्यात जास्त टोचते.

घरच्या घरी पाहता येईल अशी एक खूण सांगते. जॉइंटजवळच्या कड्यांवरून नख आडवं फिरवा. मेपल, रोझवूड, पितळ, प्लॅस्टिक यांचं फुगणं-आकसणं वेगवेगळं. लाकूड उभं फारसं हलत नाही, पण आडवं हलतं, आणि पन्नास पावसाळ्यांत कड्या केसभर वर येतात किंवा खाली जातात. नखाला ती बारीक पायरी लागली तर रोगण बहुधा मूळचं आहे. पन्नास वर्षांचा क्यू काचेसारखा सपाट लागला तर तो बहुधा कधीतरी घासला गेलाय. विकणारा ‘एकदम मिंट कंडिशन’ म्हणत असेल तरी.

आता दुसरी बाजू. रिफिनिश म्हणजे पाप नव्हे. रोगणाच्या पापड्या सुटून लाकूड उघडं पडलं असेल तर आपल्या हवेत थांबून चालत नाही. जुलैत ठाण्यात हवेतली आर्द्रता ८०-९० टक्क्यांवर जाते, खाडीकडून येणारी हवा घरात असतेच, आणि रात्री एसी लावला की त्याच खोलीत लाकूड आकसायला लागतं. उघडं लाकूड हे झटके थेट खातं आणि बाक धरतं. व्हीनिअर सुटायला लागली असेल, किंवा आधीच कोणी वरून पॉलियुरेथेनचा जाड थर दिला असेल, तर चांगल्या कारागिराकडून पुन्हा करून घेणंच बरं. साधा कारखान्यातला क्यू रोज खेळायचा असेल तर खुशाल नवा करा. आणि मूळ कारागीर हयात असेल व त्यानेच रिफिनिश केला असेल, तर ते काम संग्राहकही मान्य करतात.

टिप, बटीच्या टोकाचा रबरी बम्पर आणि बटीवरचा लिननचा दोरा यांचा या वादाशी संबंध नाही. त्या झिजणाऱ्याच गोष्टी आहेत, बदला. जुनं काढलेलं मात्र पाकिटात घालून क्यूबरोबर ठेवा. शाफ्टला, म्हणजे क्यूच्या पुढच्या निमुळत्या भागाला, थोडं जपायला हवं. दर महिन्याला ‘हाताला अडकतो’ म्हणून पॉलिश पेपर मारणारे लोक १३ मिलिमीटरचा शाफ्ट बघता बघता १२ वर आणतात, मग फेरूलची, म्हणजे टिपखालच्या कडीची, कड लाकडापेक्षा वर येते. त्यापेक्षा किंचित ओलं फडकं, लगेच कोरडं, आणि तळहाताने घासून गरम करणं पुरतं. शाफ्टवर खड्डा असेल तर ओल्या कापडावरून वाफ दिल्याने दबलेले तंतू फुगून वर येतात. हा उपाय उघड्या लाकडावरच करायचा. बटीच्या जुन्या रोगणावर वाफ दिली की पांढुरके डाग पडतात.

ठाण्या-मुंबईत माळ्यावर पूल क्यूपेक्षा जुना स्नूकर क्यू निघण्याची शक्यता जास्त. स्नूकर आपल्याच जबलपूरच्या छावणीत १८७५ मध्ये जन्मला आणि विल्सन जोन्स १९५८ मध्ये बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेते झाल्यावर इथल्या जिमखान्यांत क्यूंची आवड वाढली. त्या क्यूंचा शाफ्ट बहुतेक ॲशचा, आणि त्यावर जवसाच्या तेलाचा हात असतो. तिथे वर्षातून एकदा तेलाचा एक थेंब फडक्यावर घेऊन चोळणं हेच जतन. पण ते फडकं चुरगळून टाकू नका, पसरून वाळवा. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि चुरगळलेलं कापड आपोआप पेटू शकतं.

रोगण कोणतं आहे ते कळल्याशिवाय काहीच लावू नका. बम्परजवळ, कुणाला दिसणार नाही अशा जागी, काडीने स्पिरिटचा एक थेंब टेकवा. चिकट झालं तर ते लाखेचं पॉलिश, म्हणजे आपल्या जुन्या मिस्त्रींचं चपड्याचं. स्पिरिटने हललं नाही आणि थिनरने मऊ पडलं तर लॅकर. दोन्हीला दाद दिली नाही तर बहुधा नंतर कोणीतरी पॉलियुरेथेन मारलंय. फवारायचं चकचकीत फर्निचर पॉलिश टाळा. त्यातलं सिलिकॉन बारीक भेगांत बसतं आणि पुढे खरंच रिफिनिश करायची वेळ आली तर नवं रोगण तिथे धरत नाही. साधं मेण, तेही अगदी पातळ, वर्षातून एकदा.

फेरूल किंवा जॉइंट हस्तिदंताचा वाटला तर कापलेल्या टोकाकडे भिंगातून पाहा. एकमेकींना छेदणाऱ्या बारीक कमानदार रेषा दिसल्या तर तो हस्तिदंत, काळे ठिपके दिसले तर हाड. हस्तिदंत असेल तर वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे त्याची विक्री भारतात करता येत नाही, वारशाने आलेला असला तरी.

चुलतभाऊ त्या दिवशी बराच वेळ गप्प होता. मग त्याने माझा क्यू उचलला, बटीवर जिथे काका पकडायचे तिथे रोगण झिजून अंगठ्याएवढा मऊ खड्डा झालाय त्यात स्वतःचा अंगठा ठेवला. त्याच्या क्यूवर ती जागा सपाट होऊन गेलीय. आम्ही ठरवलं की त्याच्याने खेळायचं, कारण त्यातून आता आणखी काही जाणार नाही. एका लेथवाल्याकडून गोलाई तेवढी नीट करून घेतली आणि दर रविवारी तो नेरूळमध्ये टेबलावर असतो. माझा कपाटात आडवा, सगळीकडून आधार मिळेल असा ठेवलाय, बाहेरच्या भिंतीपासून लांब. सोबत एका पाकिटात जुनी टिप आणि एक चिठ्ठी : कोणत्या तारखेला काय पुसलं, कशाने पुसलं, आणि कुठे हात लावला नाही.