सूर्याचा फटका आणि कुलाब्याची वही

दर थोड्या महिन्यांनी फॅमिली ग्रुपवर तो फॉरवर्ड येतोच, आज रात्री साडेबारा ते साडेतीन मोबाईल उशाशी ठेवू नका, अंतराळातून किरण येतायत वगैरे. तो बिनधास्त डिलीट करा. पण सौरवादळ, म्हणजे सूर्यावरच्या स्फोटातून सुटलेल्या विद्युतभारित कणांच्या झोताने पृथ्वीच्या चुंबकत्वात उडणारी खळबळ, ही गोष्ट मात्र खरी आहे, फक्त ते आपल्या डोक्याला नाही तर लांबलांब तारांना, ट्रान्सफॉर्मरला आणि सॅटेलाइटला त्रास देतं. आणि आजवरच्या सगळ्यात गाजलेल्या सौरवादळाचा सगळ्यात कामाचा रेकॉर्ड आपल्या मुंबईत, कुलाब्यात लिहिला गेलाय हे बऱ्याच मुंबईकरांनाही माहीत नसतं.

१ सप्टेंबर १८५९. इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन नावाचा माणूस दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा पडद्यावर पाडून डागांची चित्रं काढत बसला होता, सकाळी सव्वाअकराच्या सुमाराला डागांच्या एका मोठ्या झुंबडीवर दोन पांढरेशुभ्र ठिपके चमकले आणि पाचेक मिनिटांत विझलेसुद्धा. त्यानंतर साधारण साडेसतरा तासांनी पृथ्वीवर दणका बसला. एरवी ध्रुवांजवळ दिसणारे रंगीत प्रकाश क्यूबापर्यंत दिसले, अमेरिकेत तारयंत्रं बिघडली आणि बॉस्टन-पोर्टलंड लाइनवरच्या तारवाल्यांनी तर बॅटरी काढून ठेवून नुसत्या वादळाने तारेत आलेल्या करंटवर संदेश पाठवले!

मुंबईत तेव्हा २ तारखेची सकाळ होती. कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये काढलेली, आणि १८४१ पासून तिथे चुंबकीय नोंदी चालू होत्या. ‘दर्पण’वाले बाळशास्त्री जांभेकर आणि आपले केरोनाना छत्रे दोघांनीही सुरुवातीच्या काळात तिथे काम केलंय, म्हणजे मराठी माणसाचा या विषयाशी संबंध तसा जुनाच. काम काय, तर लटकवलेला चुंबक किती हललाय ते छोट्या दुर्बिणीतून स्केलवर बघायचं आणि आकडा वहीत लिहायचा. एरवी तासाला एकदा, पण सुई नाचायला लागली की पंधरा-पंधरा, पाच-पाच मिनिटांनी. डोळ्यांनी, हाताने, दिवसरात्र. ऐकायला किती कंटाळवाणं वाटतं ना? पण त्या दिवशी तेच कामाला आलं, कारण लंडनजवळच्या क्यू वेधशाळेत फोटोच्या कागदावर आपोआप रेषा उमटायची सोय होती आणि वादळात ती रेषा कागदाच्या बाहेर निघून गेली. कुलाब्यातले लोक आकडे लिहीत राहिले. अकराच्या सुमाराला पृथ्वीचं आडवं चुंबकीय बल जवळपास १६०० नॅनोटेस्लाने (नॅनोटेस्ला हे ते मोजायचं एकक) खाली आलं होतं, आता इथलं हे बल मुळात ३८ हजारांच्या आसपास असतं म्हणजे चार टक्के गायब.

मग त्या वह्या कपाटात. २००३ साली भारतीय भूचुंबकत्व संस्थेतले गुरबक्ष लाखिना, शोभना अॅलेक्स आणि त्यांच्याबरोबर नासाचे ब्रूस त्सुरुतानी वगैरेंनी ते आकडे काढून पेपर लिहिला तेव्हा कुठे जगाला कळलं की वादळ नेमकं केवढं होतं. नंतर काहींनी ताशी सरासरी धरून आकडा बराच खाली आणला, तो वाद अजून आहे, पण वाद घालायलाही कुलाब्याचेच आकडे लागतात.

मधल्या काळात वेधशाळेला खरा त्रास सूर्याने नाही, ट्रामने दिला. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांच्या करंटने चुंबक बिघडणार हे उघड होतं, म्हणून वेधशाळेचे तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांनी लोखंड टाळून अलिबागला नवी इमारत उभी केली आणि १९०४ पासून दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी रीडिंग घेतलं, नोंदींची साखळी तुटू नये म्हणून. (अलिबाग तेव्हा कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे वेधशाळा कुलाब्यातून निघून कुलाब्यातच गेली!) ती अलिबागची वेधशाळा आजही चालू आहे.

१८५९ मध्ये तोटा झाला तो फक्त तारयंत्रांचा. १३ मार्च १९८९ ला त्याहून बऱ्याच लहान वादळाने कॅनडातल्या क्युबेकची वीज दीड मिनिटात घालवली, साठेक लाख लोक नऊ तास अंधारात, तेही कडाक्याच्या थंडीत. फेब्रुवारी २०२२ मध्ये तर किरकोळ म्हणावं अशा वादळाने वरची हवा फुगली आणि नुकतेच सोडलेले स्टारलिंकचे ४९ पैकी चाळीसेक सॅटेलाइट तिच्यात अडकून खाली आले. मे २०२४ चं वादळ मोठं होतं, लडाखमधल्या हानलेला आकाश लाल झालेलं त्याचे फोटो तुम्ही पाहिलेच असतील.

आता आपल्या इस्रोचं सूर्यावर नजर ठेवणारं यान आदित्य-एल१ पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर सूर्याकडे तोंड करून बसलंय, तिथून जाणारा झोत आपल्यापर्यंत यायला साधारण अर्धा ते एक तास लागतो, तेवढीच काय ती आगाऊ सूचना. ते उडालं २ सप्टेंबर २०२३ ला. कुलाब्याच्या वहीतली ती नोंदही २ सप्टेंबरचीच. इस्रोने मुद्दाम साधलं असेल असं वाटत नाही, पण तारीख जुळली खरी.