जुळ्या कोकरांचा हिशेब

पहिल्या पावसाच्या कोवळ्या गवतावर मेंढ्या माजावर येतात आणि साधारण दीडशे दिवसांनी, दिवाळीच्या पुढेमागे, कळप व्यायला लागतो. फलटण, माण, खटाव भागातल्या अनेक धनगर कुटुंबांना घर सोडावे लागते तेही याच सुमारास. कोणी कोकणात भात निघालेल्या खाचरांवर खतासाठी मेंढ्या बसवायला उतरतो, कोणी बागायती पट्ट्यात राहतो. त्यामुळे दख्खनी मेंढीचे वेत बहुधा वाटेवरच होते. रात्री व्यालेली मेंढी सकाळी कळपाबरोबर चालू लागते आणि कोकरू भांड्याकुंड्यांबरोबर घोड्याच्या पाठीवर चढते. तळ पडला की कोकरे डालग्याखाली आणि मोठ्या मेंढ्या वाघरीच्या, म्हणजे जाळीच्या कुंपणाच्या, आत.

जुन्या काळात या जनावराकडे सरकार पाहत असे ते लोकरीसाठी. इंग्रजी अमदानीत मेरिनोचे आणि स्वातंत्र्यानंतर रॅम्बुलेचे, अशा मऊ लोकरीच्या विदेशी जातींचे रक्त मिसळून पाहिले. दख्खनी लोकर राहिली काळी, राठ, घोंगडीपुरती. पुढे तर कातरणीची मजुरी लोकरीतून सुटेना आणि सगळा हिशेब कोकरावर आला. दख्खनी मेंढी एका वेताला बहुतेक एकच कोकरू देते. तीनचार महिन्यांचे नर कोकरू विकून येईल तेच घरखर्चाचे पैसे.

मग १९९०च्या दशकात फलटणच्या एका खासगी संशोधन संस्थेने सुंदरबनातली गरोल मेंढी आणली. अंगाने लहानखुरी, पण जुळी-तिळी देणारी. ऑस्ट्रेलियातल्या बुरूला मेरिनो मेंढ्यांतही हा गुण आहे आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याहून गेलेल्या मेंढ्यांतून तो तिकडे पोचला, असे मानले जाते. २००१मध्ये त्यामागचा जनुकातला बदल सापडला आणि पाठोपाठ गरोलमध्येही तोच असल्याचे दिसले. गरोलचे लहान अंग नको होते, म्हणून संकरित माद्या पिढ्यानपिढ्या पुन्हा मोठ्या नरांना दाखवून फक्त तो गुण राखला. त्यातून निघालेल्या वाणाचे नाव सुवर्णा.

वाद पेटला तो इथे. या बदललेल्या जनुकाची एक प्रत असली तर सरासरी दीडेक कोकरू, दोन प्रती असल्या तर तिळ्यांची भीती. हे सुवर्णा नर मेंढपाळांच्या कळपात सोडावेत की नाही? टीकाकारांचे म्हणणे, चालत्या कळपातल्या मेंढीला एकाच कोकराला पुरेल इतके दूध असते, दुसरे मरणार. बाजूने बोलणारे म्हणत, गाभण मेंढीला शेवटचे काही आठवडे थोडा खुराक द्या, दुसरे कोकरूही जगते. दोन्ही बाजूंनी कोकरे मोजली, कष्ट मात्र फारसे कोणी मोजले नाहीत. अशक्त कोकराला धरून चीक पाजायचा, दूध कमी पडले तर शेळीला लावायचे, थंडीत चुलीजवळ ठेवायचे, ही कामे तळावरच्या बाईकडे येतात. तिला विचारले असते तर उत्तर कळप कुठे आहे त्यावर ठरले असते. घरी राहणाऱ्या वीस-तीस मेंढ्यांच्या कळपात जुळी म्हणजे सरळ नफा. कोकणच्या वाटेवर तसे नाही.

गेल्या काही वर्षांत चराऊ राने आटली आणि बंदिस्त पालन वाढले. २०१७च्या सरकारी योजनेतही २० मेंढ्या आणि एक नर असा गट अनुदानावर मिळू लागला. म्हणजे जुळ्यांना सोयीची परिस्थिती आत्ता कुठे येते आहे. पण बाजारात ओढ आहे ती जत तालुक्यातल्या माडग्याळ नराची. उंच, वजनदार, पोपटासारख्या नाकाचा हा नर लांबूनच ओळखू येतो. जुळ्यांचा गुण दिसण्यावरून कळत नाही, त्यासाठी रक्त तपासावे लागते. एक प्रत असलेल्या नराच्या निम्म्याच लेकींना तो मिळतो. पुढचा नर न तपासता, नुसता अंगावरून निवडला की दोनचार पिढ्यांत कळप पुन्हा एकेका कोकरावर येतो.