अस्तुरियास आणि ‘सार्वभौम’ हा शब्द: पार्श्वभूमी

स्पेनच्या उत्तरेला डोंगर आणि समुद्र यांच्या बेचक्यात अस्तुरियास वसले आहे. नालोन आणि काउदाल खोऱ्यांतला कोळसा, त्रुबियाचा तोफांचा कारखाना आणि खिखोनचे बंदर यांवर तिथला कामगार एकोणिसाव्या शतकापासून घडत गेला. स्पॅनिश यादवी युद्धाचे बीज मात्र ऑक्टोबर १९३४ च्या उठावात आहे. खाणीतला सुरुंग रस्त्यावर आला, दोन आठवडे खोरी कामगारांच्या ताब्यात राहिली. मग सरकारने मोरोक्कोतून सैन्य आणून उठाव चिरडला. तुरुंगात गेलेले हजारो जण १९३६ च्या निवडणुकीनंतर सुटून आले. त्यांच्या मनातल्या जखमा अजून ओल्याच होत्या.

म्हणूनच १९ जुलै १९३६ चा दगा जिव्हारी लागला. अस्तुरियासची राजधानी ओव्हिएदो इथल्या लष्करी प्रमुखाने आपण प्रजासत्ताकाशी एकनिष्ठ असल्याचा विश्वास दिला. खाणकामगार माद्रिदच्या रक्षणासाठी निघाले आणि त्यानंतर त्याने प्रजासत्ताकाविरुद्ध उठलेल्या लष्करी बंडखोरांची बाजू घेतली. शहराला वेढा पडला. १७ ऑक्टोबरला गालिसियाकडून आलेल्या सैन्याने एक चिंचोळी वाट उघडली. पुढे वर्षभर राजधानी बंडखोरांकडे आणि भोवतालचे बरेचसे डोंगर कामगारांकडे, अशी विचित्र स्थिती राहिली.

सर्वाधिक वाद झाला तो २४ ऑगस्ट १९३७ च्या निर्णयावर. उत्तरेतले बिल्बाओ जूनमध्ये बंडखोरांच्या हाती पडले होते, सान्तान्देर दोन दिवसांत पडणार होते. अशा वेळी प्रजासत्ताकाच्या बाजूने इथला कारभार पाहणाऱ्या अस्तुरियास आणि लेओनच्या परिषदेने स्वतःला ‘सोबेरानो’ म्हणजे सार्वभौम जाहीर केले आणि लष्करासह सगळे अधिकार हाती घेतले. आपल्याला हा शब्द राज्यघटनेच्या उद्देशिकेतून परिचित आहे, त्यामुळे मराठी वाचकाला यात फुटून निघणे दिसेल. व्हॅलेन्सियातल्या प्रजासत्ताकाच्या सरकारलाही तेच दिसले. परदेशांत याची वाच्यता झाल्याने सरकारची नाचक्की झाली, कम्युनिस्टांनीही विरोध केला. पण परिषदेचा प्रमुख हा त्याच सरकारने नेमलेला गव्हर्नर होता, आणि वेगळे राष्ट्र मागण्याचा त्याचा हेतू नव्हता. समुद्रात शत्रूचा नाविक वेढा, जमिनीवरून मदतीचा रस्ता नाही, आणि प्रत्येक हुकमासाठी दूरवर विचारणा. यात ‘सार्वभौम’चा अर्थ ‘निर्णय इथेच घेऊ’ एवढाच उरतो. शब्दाची निवड चुकली असेल, पण तिला फुटीरता म्हणणे अन्यायाचे आहे, असे मला ठामपणे वाटते.

सप्टेंबरमध्ये एल माथुकोच्या खिंडीत खाणकामगार आणि सैनिकांनी कित्येक पटींनी मोठ्या फौजेला आठवडाभराहून अधिक काळ थोपवले. जर्मन विमाने कड्यांवर बॉम्ब टाकत होती. २० ऑक्टोबरच्या रात्री परिषद समुद्रमार्गे निघून गेली आणि दुसऱ्या दिवशी खिखोन पडले. अनेक बोटी वाटेतच पकडल्या गेल्या.

पण इथे लढाई संपली नाही. डोंगरांत पळालेल्यांना लोक ‘फुगाओ’ म्हणत. गावकरी त्यांना भाकर आणि बातमी पुरवत, आणि त्याची किंमतही मोजत. एप्रिल १९४८ मध्ये पेन्या मायोरच्या डोंगरातल्या फुनेरेसच्या विवरात फ्रांकोच्या राजवटीच्या माणसांनी सुमारे वीस जणांना टाकले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये समाजवादी गनिमांची शेवटची तुकडी मासेमारीच्या बोटीतून फ्रान्सला गेली. चौदा वर्षांनी, एप्रिल १९६२ मध्ये, मिएरेसच्या निकोलासा खाणीत संप सुरू झाला आणि संपबंदी असलेल्या देशात तो खोऱ्यांबाहेरही पसरला. फुनेरेसच्या विवरापाशी लोक अजूनही श्रद्धांजलीसाठी जमतात.